इचारणं बंद, जाणं चालू

आक्का, तुझा घेवडा अर्धाच निवडून झाला होता. सोप्यात भिंतीला टेकवलेलं पोतं, त्यावर उपडं घातलेलं सूप आणि सुपाखाली तुझा चष्मा. तेराव्याला आम्ही रहिमतपूरला तुझ्या घरी आलो, तेव्हा जेवणं होईपर्यंत कुणी त्याला हात लावला नाही. मग तुझ्या सूनबाईंनी पोतं मधे ओढलं, घरातली सगळी सुपं काढली आणि म्हणाल्या, "बसा समदी. रिकामं बसल्यालं आत्याबाईस्नी चालायचं न्हाई." आणि आम्ही पंधरावीस माणसं, कुणी धुवट धोतरात, कुणी ठेवणीतल्या लुगड्यात, खडे आणि किडके दाणे वेचत बसलो. लय बरं वाटलं बघ. रडायला आलेल्या माणसांना तू गेल्यावरसुद्धा कामाला लावलंस.

मी तुझा जावई. सख्खा नव्हे, पण सुनंदाचं माहेर तुझ्या घराला भिंतीला भिंत लागून. तिची आई लवकर गेली आणि तिच्या वेण्या तू घातल्यास. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान खरं तर नवरीच्या भावाचा. सुनंदाला भाऊ नाही म्हणून तो मान तू घेतलास, आणि असा पिळलास की मंगलाष्टकांपेक्षा मला तो कानच जास्त आठवतो. तेव्हापासून मी तुला सुनंदासारखंच 'तू' म्हणत आलो आणि तू मला 'आवं जावई' म्हणत आलीस. मी वादावादी करणारा माणूस. पलूसला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान, शेतातल्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि तांब्याच्या तारेनं पुन्हा बांधायच्या. दिवसभर हात चालतात, त्यामुळं डोकं आणि तोंड दोन्ही मोकळी असतात. तुझ्याशी मी जितकं भांडलो तितकं घरात कुणाशी भांडलो नसेन.

दर गुरुवारी दुपारी तुझ्या सोप्यात माणसं जमायची. बाहेरचे त्याला सत्संग म्हणायचे, तू म्हणायचीस, "घेवडा निवडाय या." घेवड्याचा हंगाम संपला की शेंगा फोडायच्या, त्या संपल्या की चिंच. हार नाही, पाया पडणं नाही. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. "हात मोकळा ऱ्हायला की माणूस म्होरल्याचं त्वांड बघून बोलतंय," तू म्हणालीस. "हात गुतला की खरं बोलतंय." हे मला तेव्हा तुझं काहीतरीच वाटलं होतं.

फलटणहून एक रिटायर झालेले साहेब यायचे, आठवतात? श्रद्धा टिकत नाही म्हणून त्यांना रोज एकशे आठ प्रदक्षिणांचा नेम घ्यायचा होता. तू त्यांच्या गुडघ्यांकडं बघितलंस आणि म्हणालीस, "एक घाला सायेब. पर पावसात बी घाला, घरात भांडान झाल्यावर बी घाला, आणि पोराच्या लग्नादिवशी बी घाला." साहेबांचं तोंड उतरलं. एवढ्या लांबून येऊन एकच प्रदक्षिणा पदरात पडली म्हणून ते गाडीत बसेपर्यंत घुश्शात होते. वर्षभरानं परत आले आणि सुपापुढं बसत म्हणाले, "आक्का, एकसुद्धा जड जाते हो." तू त्यांच्या पुढ्यात मूठभर जास्तीचा घेवडा टाकलास. "आता लागलासा मार्गाला," म्हणालीस.

आणि मी? मला कौलाची चटक. आमच्या गावात भैरोबा जागृत, मंगळवारी गुरव कौल लावून द्यायचा. ओली केलेली एक पांढरी पाकळी देवाच्या उजव्या खांद्याला, एक डाव्या खांद्याला. आपण मनात प्रश्न धरायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दुकान रस्त्यावर घेऊ का, मुलीला पलूसच्या शाळेत घालू का, फार कशाला, छपराचा पत्रा बदलू का, तेसुद्धा मी भैरोबाला विचारायचो. एकदा ओळीनं तीन मंगळवार डावी पडली, तेव्हा चौथ्या मंगळवारी मी गुरवाला म्हणालो, "बाळूदा, उजवीला पाणी जरा कमी लाव." हे तुला सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की सूप कलंडलं आणि सगळ्यांना फिरून वेचायला लागलं.

पण मी ऐकणाऱ्यातला नव्हतो. म्हणालो, "आक्का, मोटार बांधून झाली की मी आधी टेस्ट लॅम्प लावतो. दिवा लागला तरच मोटार गिऱ्हाइकाच्या हातात देतो. माणसाला खात्री नको?"

"पायजे की," तू म्हणालीस. "मग सुनंदाला बी रोज दिवा लावून बघतासा न्हवं, अजून माझीच हाय का म्हणून?"

सगळा सोपा हसला. सुनंदा पदर तोंडाला लावून आत पळाली. मी पण हसलो, पण रेल्वेत बसल्यावर ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

पुढच्या खेपेला तू मला एकट्याला चिंचेपुढं बसवून तुझी गोष्ट सांगितलीस. तुझे यजमान, सुभेदार, तेव्हा सरहद्दीवर होते, पत्र यायला महिना महिना लागायचा आणि तू तुझ्या गावच्या देवाला रोज कौल लावायचीस, मालक सुखरूप हायत का. एके दिवशी डावी पडली. तू कुणाला बोलली नाहीस. तीन आठवडे घरात हिंडत होतीस, भाकरी थापत होतीस आणि आतल्या आत नवऱ्याचं सुतक पाळत होतीस. मग पत्र आलं. सुभेदारांनी लिहिलं होतं, इकडं थंडी फार आहे, चिवडा पाठव, मागच्या वेळी मीठ कमी होतं.

"मग देव खोटं बोलला?" मी विचारलं.

"द्येव कशाला खोटं बोलंल? मला वाचाय आलं न्हाई. माझं भ्याच मला त्या फुलात दिसलं." तू चिंचोके बाजूला सारलेस. "त्या दिसापासनं इचारणं बंद, जाणं चालू. तुमी बी तसंच करा जावई. रोज सकाळी दुकान उघडायच्या आदी द्येवळाम्होरल्या पादुकांवर एक तांब्या पाणी घालायचं. काय मागायचं न्हाई, काय इचारायचं न्हाई. म्हागारी यायचं."

"आणि ते पाणी देवाला पोचतं का?"

"त्ये मला काय म्हाईत? पर तुमी तर द्येवळापातूर पोचता न्हवं?"

सहा वर्षं झाली त्याला. वाटलं, एक तांब्या पाणी, त्यात काय? आठ दिवसांत कळलं, की देवापुढं जाऊन काही न विचारता परत येणं म्हणजे किती अवघड काम आहे. पाणी पादुकांवर पडायच्या आत प्रश्न जिभेवर यायचा. एखाद्या ओळखीच्या माणसाकडं जाऊन नुसतं गप्प बसून यावं तसं अवघडल्यासारखं व्हायचं. दोनदा मी तुझ्यावर चिडून नेम सोडायला निघालो आणि दोन्ही वेळा सुनंदानं न बोलता भरलेला तांब्या हातात दिला. दोन वर्षं गेली. एका सकाळी मी दुकानाचं शटर उघडत होतो आणि लक्षात आलं, की आज मनात काहीच आलं नाही. गेलो, पाणी घातलं, पादुकांवर बसलेली चिमणी बघितली, आलो. इतकं हलकं वाटलं की तिथूनच तुला फोन लावला. "आक्का, आज विचारावंसंसुद्धा वाटलं नाही."

"सांगाय फोन केलासा म्हंजी जरा बाकी हाय," तू म्हणालीस आणि फोन ठेवलास.

आणि त्याच वर्षी मी घसरलो. सुनंदाच्या पोटात दुखायचं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं पित्ताशयात खडे आहेत, पिशवीला सूज आहे, गुरुवारी या, ऑपरेशन करू. मोटारीचं पोट मी रोज उघडतो, पण बायकोचं पोट कुणी उघडणार म्हटल्यावर माझा नेम डळमळला. मंगळवारी सकाळी पादुकांवर पाणी घातलं आणि पाय परत वळलेच नाहीत. सरळ आत गेलो. बाळूदानं पाकळ्या लावल्या. डावी पडली.

मी दवाखान्यात फोन करून तारीख आठ दिवस पुढं नेली आणि सुनंदाला सांगितलं, डॉक्टर परगावी गेलेत. तिनं माझ्याकडं बघितलं आणि नुसतं "बरं" म्हणाली. पुढचे दिवस ती पोटाला उशी धरून बसायची आणि मी दुकानात एकच कॉइल तीनदा चुकवली.

सोमवारी तू आलीस. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, पॅसेंजरनं आलीस, स्टेशनवरनं वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन आलीस आणि घरी न जाता आधी दुकानात आलीस. एका जुन्या पंपाच्या बॉडीवर बसलीस. "मिरजंला का गेला न्हाईसा?"

तुझ्यापुढं खोटं बोलायची मला सवय नव्हती. सांगून टाकलं. तुझा चेहरा असा लाल झालेला मी त्याआधी बघितला नव्हता, पुढंही कधी बघितला नाही.

"दत्ता, ऊठ," तू म्हणालीस. वीस वर्षांत पहिल्यांदा 'जावई' गेलं आणि 'दत्ता' आलं. "फुलाच्या पाकळीला बायकोचं प्वाट टांगून ठेवलंस व्हय रं?"

"भैरोबा नको म्हणालाय. काही बरंवाईट झालं तर?"

"भैरोबा नगं म्हणला का तुझं भ्या नगं म्हणलं, वळाखता येतंय तुला?"

मी हातातली तार खाली ठेवली. "नाही येत," म्हणालो.

"मग गाडी काड."

त्याच दुपारी मिरज गाठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर तू पिशवीतनं घेवडा काढलास, अर्धा माझ्या रुमालावर ओतलास, आणि आपण दोघं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात दाणे निवडत बसलो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, अजून दोन दिवस काढले असते तर पित्ताची पिशवी फुटली असती, आता काळजी नाही. मी रुमालासकट उठलो आणि सगळा घेवडा दवाखान्यात सांडला. तू मात्र खाली वाकून दाणे गोळा करत राहिलीस. मला वाटतं, तू तेव्हा रडत होतीस.

घरी आल्यावर तू म्हणालीस, "मी गप ऱ्हाते. पर सुनंदाला त्वा सांगायचंस."

"सांगतो," मी म्हणालो, आणि चार वर्षं सांगितलं नाही.

आपलं सगळ्यात लांबलेलं भांडण ते. प्रत्येक गुरुवारी नाहीतर फोनवर तुझा एकच प्रश्न, "बोललास का?" माझी दर वेळी नवी सबब. ती अजून अशक्त आहे. मुलीची परीक्षा आहे. आता ती छान हिंडतेफिरते, कशाला उकरून काढायचं? "बरी हाय म्हणूनच सांग," तू म्हणायचीस. खरं सांगू, मला भीती वाटायची. ती मला काही बोलली नसती. नुसतं "बरं" म्हणाली असती, आणि ते 'बरं' मला जन्मभर पुरलं असतं. रोज सकाळी मी पादुकांवर पाणी घालत होतो, कौलाचं नावही काढत नव्हतो, नेम एक दिवस चुकवला नाही. तुला तेवढ्यावर समाधान नव्हतं. गेल्या दिवाळीत तू फराळाचं ताट माझ्यापुढं ठेवून म्हणालीस, "द्येवापुढं गप बसाय शिकलास, लय झालं. आता बायकूफुडं बोलाय शीक. द्येवावर भरवसा आणि घरात लपवाछपवी, ह्यो कसला रं भरवसा?" मी चिडून चकली अर्धी टाकून उठलो. तेच आपलं शेवटचं समोरासमोरचं बोलणं, आणि त्या अर्ध्या चकलीचं मला आजही वाईट वाटतं.

तर तेराव्याला सोप्यात घेवडा निवडायला बसलो तेव्हा सुनंदाच्या आणि माझ्या मधे एकच सूप होतं. मी किडके दाणे माझ्याकडं ओढत होतो, ती खडे तिच्याकडं. माझी मान खाली, तिची मान खाली. आणि आक्का, मी काही ठरवलेलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "सुनंदा, तेव्हा डॉक्टर परगावी गेले नव्हते. मी कौल लावला होता. डावी पडली म्हणून तारीख मीच पुढं नेली."

तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "कवा लावलासा?"

"मंगळवारी."

"मी आदल्या आयतवारी लावला हुता," ती म्हणाली.

मी मान वर केली. ती घेवड्याकडंच बघत होती. "तुमी दुकानात सामान लावत हुता. बाळूदाच्या हातापाया पडले, म्हणलं आयतवार तर आयतवार, लाव. उजवी पडली."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? लग्नाच्या आदी आक्काला शबुद दिल्याला, कौल लावनार न्हाई म्हणून. तुमचा न्येम मी चालवत हुते आणि माझाच मोडला. तुमी म्हणला असता, ही बघा आक्काची चेली. म्हणलं जाऊ द्या, उजवी पडलीया, चांगलंच हुईल, चार दिस म्हागंफुडं." तिनं एक खडा बाजूला टाकला. "मग लय दुकाय लागलं तवा त्या सोमवारी सकाळी आक्काला फोन लावला. रडत समदं सांगितलं. ती म्हणली, मी येते, आणि हे जावयास्नी तू तुझ्या तोंडानं सांग. चार वरीस म्हणत हुती."

म्हणजे तू सोमवारी माझ्या दुकानात आलीस तेव्हा तुला सुनंदाची उजवी माहीत होती!

आधी मला तुझा रागच आला. चार वर्षं मला तळमळताना बघत होतीस, आणि तिकडं तिलाही. मग पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसल्यावर, मसूर स्टेशन मागं पडलं आणि उसाचे फड सुरू झाले तेव्हा, हळूहळू डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी दुकानात मी तुझ्याशी वाद घालत होतो, भैरोबा नको म्हणालाय म्हणत होतो, आणि तुला एकच वाक्य बोलायचं होतं, की तुझ्या बायकोची उजवी पडलीय. मी ताडकन उठलो असतो. कौलाला कौल दाखवून जिंकणं तुला किती सोपं होतं! सुनंदाचा जीव टांगणीला लागलेला असतानाही तू ते केलं नाहीस. माझ्याशी भांडलीस, मला 'तू' म्हणालीस, पण त्या पाकळीला मधे घेतलं नाहीस. जिंकणारी दुसरी पाकळी तुझ्या मुठीत होती आणि तू मूठ उघडली नाहीस. विश्वास म्हणजे काय, हे तू सहा वर्षं मला सांगत होतीस. मला ते परवा रेल्वेत कळलं. उशीर झाला, पण कळलं.

सुनंदाची मी माफी मागितली. म्हणालो, माझ्यामुळं आठ दिवस सोसलंस.

"आट न्हाई," ती म्हणाली. "आक्का आली म्हणून पाचच." आणि मग आम्ही दोघं हसायला लागलो. डब्यातली माणसं बघायला लागली तरी थांबेना. तुझ्या तेराव्याहून परत येताना इतकं हसलो, याचं तुला वाईट वाटणार नाही हे मला ठाऊक आहे. घरात चार वर्षं अडकून पडलेलं काहीतरी निघालं होतं. मी सुखात आहे आक्का. तू नाहीस आणि तरीही मी सुखात आहे, हे लिहायला जरा लाज वाटते, पण आहे ते आहे.

काल मंगळवार होता. सकाळी मी तांब्या भरला तर सुनंदा दुसरा तांब्या घेऊन दारात उभी. चार वर्षांपूर्वीचं प्रायश्चित्त म्हणून का, असं मी चिडवलं, तर म्हणाली, "गप चला." देवळात बाळूदा पाकळ्या ओल्या करत बसला होता. आम्हाला बघून म्हणाला, "आक्का ग्येल्या म्हनं. लय वंगाळ झालं. लावायचा का आज एक?"

आणि काय सांगू, प्रश्न जिभेवर आला. सहा वर्षांत आला नव्हता इतका जोरात आला. आक्का नीट पोचली का? एवढंच विचारायचं होतं. उजवी पडली असती तर किती बरं वाटलं असतं. मी सुनंदाकडं बघितलं. तिच्याही डोळ्यांत तोच प्रश्न होता.

"नको बाळूदा," मी म्हणालो.

आधी तिनं पाणी घातलं, मग मी. पाणी पादुकांवरून उतरून फरशीवरनं वाहत गेलं. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो आणि घरी आलो. दुपारी तुझ्या पोत्यातला, सूनबाईंनी बांधून दिलेला घेवडा शिजला. मीठ जरा कमी झालं होतं.

तू पोचलीस का ते मी विचारलं नाही, आक्का. आम्ही दोघं देवळापर्यंत पोचलो, तेवढं तुला कळवतो.